साडेआठ वाजले की सर्व्हर बसतो: नवा पार्ट घेण्याआधी घड्याळ बघा

राम राम मंडळी.

रोज रात्री साडेआठच्या ठोक्याला आमच्या मंडळाचा, फोटो आणि नोंदी ठेवायचा सर्व्हर बसायचा. बंद पडायचा नाही, बसायचा. भर उन्हात बैल बसतो तसा. जुने फोटो रडतखडत उघडायचे, नवी नोंद चढवायला गेलं की चक्र फिरत राहायचं, आणि नऊ-सव्वानऊला काहीच झालं नाही अशा थाटात सगळं सुरळीत. मग धुळ्याच्या एका सभासदाचा ठरलेला फोन: "परत बंद पडनं का भाऊ?"

वर्षभर हे चाललं. त्या वर्षात आम्ही वर्गणी काढून रॅम वाढवली, प्रोसेसर बदलला, एकदा राउटरही बदलला. दुखणं जागच्या जागी. अशीच तक्रार घेऊन गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. आम्ही ज्या क्रमाने केलं तो क्रम चुकीचा होता, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी मशीन. आमचं मंडळ रेल्वेवेड्यांचं. भुसावळला इटारसीची आणि नागपूरची वाट फुटते, सुरतेकडून नंदुरबार-अमळनेर करत ताप्ती व्हॅली लाइन येते, शेजारी इलेक्ट्रिक लोको शेड आहे. इथे असलं वेड लागणं अवघड नाही. आमच्याकडे इंजिनांचे फोटो, कुठलं इंजिन कुठल्या गाडीला लागलं त्याच्या नोंदी, आणि बंद पडलेल्या पाचोरा–जामनेर नॅरोगेजचा, आपल्या 'पीजे'चा, लोकांनी घरातल्या अल्बमांतून स्कॅन करून दिलेला खजिना आहे. हे सगळं भाड्याच्या क्लाउडवर ठेवायचं तर दर महिन्याचं बिल वर्गणीत बसत नाही. म्हणून एक जुना टॉवर सर्व्हर घेतला आणि लोको शेडमधून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी, गच्चीखालच्या खोलीत ठेवला. चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४-४ टीबीच्या दोन फिरत्या डिस्का आरशात, म्हणजे रेड-१ मध्ये: एकीवर लिहिलं ते दुसरीवरही.

संध्याकाळी गर्दी होते हे आम्हाला ठाऊक होतं. लोक कामावरून येतात, जेवायच्या आधी दिवसभराचे फोटो चढवतात. १२,००० अश्वशक्तीचं जुळं डब्ल्यूएजी-१२बी इंजिन एखाद्या वेगळ्याच मालगाडीला दिसलं की मग विचारूच नका. त्यामुळे निदान सोपं वाटलं: गर्दी वाढली, मशीन म्हातारं झालं, नवे पार्ट घाला.

लोड ॲव्हरेज, म्हणजे खोळंबलेल्या कामांची सरासरी, बघितलं तर ४० च्या घरात. चार कोअरला ४०! तिथेच आम्ही फसलो. लिनक्सवर लोड ॲव्हरेजमध्ये फक्त प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामं मोजत नाहीत. डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत अडकून पडलेली कामंही त्यातच धरतात. टॉप ही कमांड उघडून वरच्या ओळीत 'डब्ल्यूए'चा आकडा बघितला असता तर प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय हे दोन मिनिटांत कळलं असतं. आम्ही तो आकडा न बघता प्रोसेसर घेऊन आलो. बदलण्याआधी बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं हे नंतर कळलं, तो रविवार वेगळाच गेला.

रॅमची कथा त्याहून बरी. पहिल्या खेपेला स्वस्तात मिळालेल्या पट्ट्या आणल्या, त्यांच्यावर ईसीसी (चुका पकडून सुधारणारी रॅम) लिहिलेलं होतं, खाचेत बसल्याही, आणि मशीन नुसतं बीप करत राहिलं. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्ड अशा दोन जाती असतात. दोन्ही ईसीसी असू शकतात, दोन्ही त्याच खाचेत बसतात, पण बोर्ड ज्या जातीचा असेल तीच चालते आणि दोन्ही मिसळता येत नाहीत. लहान टॉवर सर्व्हरना बहुधा अनबफर्ड लागते, मोठ्या रॅकवाल्यांना रजिस्टर्ड. जुन्या बाजारात रजिस्टर्ड स्वस्त मिळते ती याच कारणाने: घरच्या मशीनला ती चालत नाही. बोर्डाचं मॅन्युअल उघडा, जुन्या पट्टीवरचा नंबर वाचा, मगच पैसे द्या.

शेवटी योग्य पट्ट्या आल्या, ८ च्या ३२ जीबी झाल्या. साडेआठला सर्व्हर बसला.

त्या दिवशी काका खोलीत होते. त्यांनी आयुष्यभर इंजिनांचे बिघाड शोधलेत. लोको पायलटकडे टीएसडी नावाचं पुस्तक असतं, ट्रबल शूटिंग डिरेक्टरी. वाटेत जुन्या इंजिनाचा डीजे, म्हणजे मुख्य सर्किट ब्रेकर पडला तर काय बघायचं ते त्यात असतं. काका म्हणाले, "डीजे पडला एवढ्यावरून काहीच कळत नाही रे. लावल्या-लावल्या पडतो, का काही सेकंदांनी पडतो, का नॉच घेतल्यावर पडतो? त्यावरून कुठली शाखा बघायची ते ठरतं. तुमचा हा डबा कधी पडतो?"

"साडेआठला, काका."

"रविवारी?"

"साडेआठला."

"दिवाळीत? तेव्हा कोण येतं फोटो टाकायला?"

दिवाळीतही साडेआठलाच बसला होता. गर्दी कधी घड्याळ लावून येत नाही. ती आठला सुरू होते, साडेनऊला चढते, पाऊस असेल तर लवकर येते. ठोक्याला येतं ते फक्त ठरवून दिलेलं काम.

ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची यादी उघडली. बॅकअप दुपारी तीनला लावलेला होता. ज्याने लावला त्याचा हिशेब चोख होता: खान्देशात दुपारी तीनला कोण जागं असतं? पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आणि यूटीसीचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. साडेपाच तासांचा फरक. गंमत म्हणजे क्रॉन लावणारा तो शहाणा मीच.

आता या बॅकअपने नेमकं काय व्हायचं ते नीट सांगतो, कारण रॅम वाढवूनही फरक का पडला नाही याचं उत्तर त्यातच आहे. डेटाबेसची नक्कल काढणारं मायएसक्यूएलडंप, काही न सांगता चालवलं तर नक्कल होईपर्यंत टेबलं कुलूपबंद करतं. वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणून फोटो दिसायचे आणि नोंद चढायची नाही. लक्षण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्या, कुलूप लागत नाही. त्यापाठोपाठ फोटोंची नक्कल सुरू व्हायची. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला वापरतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ढीगभर फोटो एका दमात वाचले की वर्दळीच्या फायली कॅशमधून बाहेर फेकल्या जातात आणि दोन वर्षांपूर्वीचे फोटो तिथे येऊन बसतात. म्हणजे ३२ जीबी रॅम रोज साडेआठला धुऊन निघायची, तीही ऐन गर्दीत.

घड्याळ भारतीय वेळेवर करता येतं, टाइमडेटसीटीएलने एका ओळीचं काम आहे, फक्त त्यानंतर क्रॉन पुन्हा चालू करावं लागतं नाहीतर ते जुन्याच वेळेने चालतं. मी मात्र घड्याळ यूटीसीवरच ठेवलं. जुन्या लॉगमधल्या वेळा आणि नव्या वेळा यांचा गोंधळ मला नको होता. बॅकअप २२:३० ला लावला, म्हणजे आपले पहाटेचे चार, आणि शेजारी मराठीत टीप लिहून ठेवली. खर्च शून्य रुपये.

दुसऱ्या दिवशी साडेआठला सगळे फोन हातात घेऊन बसलो होतो. सर्व्हर बसला नाही. सव्वानऊला मात्र थोडा लंगडला.

खरं अपग्रेड इथून सुरू होतं. हे दुसरं लंगडणं घड्याळाचं नव्हतं, गर्दीबरोबर पुढे-मागे सरकत होतं. आता डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट 'एक्स' पर्यायासह दर पाच सेकंदांनी चालवून बघितलं. 'यूटिल' (डिस्क किती टक्के वेळ कामात) आणि 'अवेट' (विनंतीला लागणारा वेळ) यांचे रकाने बघायचे. दोन्ही डिस्कांचा यूटिल १०० ला टेकलेला आणि अवेट शेकड्यांत, म्हणजे एकेक लहानशी विनंती शेकडो मिलिसेकंद रांगेत. फिरत्या डिस्कसाठी यूटिल १०० म्हणजे खरोखर दमलेली डिस्क. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क, एकाच वेळी अनेक कामं करते, त्यामुळे तिच्यावर तो आकडा १०० दिसला तरी घाबरू नका. तिथे अवेट बघा.

डिस्क दमते का, याचं गणित पाटीवर मांडता येतं. ७,२०० आरपीएम म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२. त्याआधी डोकं योग्य रुळावर न्यायला साधारण ८-९. मिळून १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे विखुरलेल्या जागांवरची कामं सेकंदाला कशीबशी ८० च्या आसपास. मोठा फोटो सलग वाचायला हीच डिस्क झकास. मालगाडी एकदा सुटली की सुटली. पण डेटाबेस म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर. एक नोंद चढवताना टेबल, इंडेक्स, लॉग असं चार ठिकाणी लिहावं लागतं. साधी सॅटा एसएसडी हीच विखुरलेली कामं सेकंदाला हजारोंनी करते.

पण म्हणून सगळं एसएसडीवर न्यायची गरज नाही, आणि इतक्या टीबीचा खर्च मंडळाला झेपलाही नसता. डेटाबेस आणि लहान आकाराचे थंबनेल एसएसडीवर, मूळ फोटो जुन्याच डिस्कांवर. अपग्रेडचा एकच सल्ला द्यायचा तर मी हाच देईन.

पैसे न लागणारी आणखी एक गोष्ट आधी करा. मायएसक्यूएल हा आमचा डेटाबेस बफर पूलला, म्हणजे टेबलं रॅममध्ये हाताशी ठेवायच्या जागेला, स्वतःहून फक्त १२८ एमबी देतं. आमच्या मशीनची रॅम ३२ जीबी झाल्यावरही ते तसंच होतं. यजमान पंचपक्वान्नं वाढायला तयार, पाहुणा वाटी घेऊन बसलेला. मशीन फक्त डेटाबेसचं असेल तर ७०-८० टक्के रॅम देतात. आमचं मशीन सगळंच करतं, म्हणून अर्धी दिली. वाढवल्यावर व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये 'एसआय' आणि 'एसओ' शून्याजवळ आहेत ना ते बघा. ते हलायला लागले तर मशीन स्वॅप करतंय, म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरतंय, हात आखडता घ्या.

एसएसडी घेताना मी पुन्हा एक चूक केली. डब्यावर ५५० एमबी प्रति सेकंद लिहिलेली, गेमिंगवाल्या पोरांची आवडती स्वस्त एसएसडी आणली. वाचन पळायला लागलं, पण नोंद चढवताना अपेक्षेइतका फरक नव्हता. कारण असं की डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर डिस्कला विचारतो, "खरंच लिहून झालं ना?" याला एफसिंक म्हणतात. स्वस्त एसएसडीला हे उत्तर द्यायला सगळं फ्लॅश चिपवर उतरवावं लागतं. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत आत छोटे कपॅसिटर असतात. लाइट गेली तरी हातातलं काम उतरवण्याइतकी वीज त्यांच्यात असते, म्हणून ती एसएसडी स्वतःच्या डीरॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) आल्याबरोबर "झालं" म्हणू शकते, आणि खोटं बोलत नाही. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. आपल्याकडे लाइटचा जो भरवसा आहे तो बघता हे चैनीचं कलम नाही. सर्व्हरमधून निघालेल्या सेकंडहँड मिळतात. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने आयुष्य किती टक्के संपलंय ते बघून घ्या. आम्ही दोन घेतल्या, त्या आरशात लावल्या, गेमिंगवाली थंबनेलला दिली.

एफसिंक टाळायची एक सेटिंग आहे, लॉग दर सेकंदाला एकदाच डिस्कवर पक्का करायची. ती लावली तर जुनी डिस्कही पळते. पण लाइट गेली की शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. आमच्यासाठी ते चाललं असतं. मंडळाने मत घेतलं आणि नको म्हटलं. माझा हट्ट नव्हता.

बदलाच्या दिवशीचा किस्सा. बोर्डावरचे सॅटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, संपले होते, म्हणून पीसीआयई खाचेत एक डिस्क कार्ड बसवलं. डेटाबेस थांबवून नक्कल नव्या एसएसडींवर उतरवली (आरशातली एकेक डिस्क काढून नवी घालता येते, पण मधल्या काळात सगळा भार एकाच म्हाताऱ्या डिस्कवर असतो, ते धाडस मी करत नाही). मशीन चालू केलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण नेटवर्क नाही. केबल बदलली, स्विच बदलला. सर्व्हरला व्हीजीए, घरच्या टीव्हीला एचडीएमआय; शेवटी शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा जुना मॉनिटर उतरवला. बघतो तर नेटवर्क कार्डाचं नावच बदललेलं. ही नावं पीसीआय बसच्या, म्हणजे बोर्डावर कार्ड ज्या वाटेने जोडलंय तिच्या, क्रमांकावरून पडतात. नवं कार्ड मध्ये आलं की मागच्यांचे क्रमांक सरकू शकतात. कॉन्फिगमध्ये 'ईएनपी३एस०' लिहिलेलं, मशीन म्हणतंय मी आता 'ईएनपी४एस०'. कुठलंही कार्ड घालण्याआधी नेटवर्कची सेटिंग मॅक ॲड्रेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर बांधून ठेवा, आणि चालणारा मॉनिटर आधीच उतरवून ठेवा.

केबलीचं दुखणं थोडक्यात. सर्व्हर अधूनमधून, ना घड्याळ ना गर्दी, दहा-वीस सेकंद गोठत असेल तर स्मार्टसीटीएलच्या यादीत सीआरसी एररचा, म्हणजे तारेतून येता-जाता बिघडलेल्या डेटाचा आकडा बघा. तो वाढत असेल तर डिस्क नव्हे, सॅटा केबल बदला. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा वाढत असतील तर मात्र डिस्क गेली समजा.

एप्रिल उजाडला आणि तिसरा प्रकार सुरू झाला: दुपारी दोन ते पाच मशीन मंद, रात्री ठणठणीत. दुपारी गर्दी नसते, बॅकअप नसतो. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि आमचा सर्व्हर तापलेल्या स्लॅबखाली. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. आमच्या खोलीला ती सांगितली असती तर खोली हसली असती. तापमान दाखवणारी सेन्सर्स कमांड चालवून बघितलं तर प्रोसेसर ९५ च्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता; डीमेसगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदवहीत, तशा ओळीही होत्या.

आम्ही खान्देशी माणसं, पहिला उपाय सुचला तो कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा. करू नका. थंडावा येतो, पण ओल येते, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर उडून कनेक्टरवर पांढरे बसतात. आठवड्यात कूलर हलवला.

मग डबा उघडला. प्रोसेसरच्या हीटसिंकवर गोधडी पांघरलेली. धूळ नव्हती ती नुसती, कापसाचे तंतू होते, फेल्टसारखे दाबून बसलेले. काकांच्या घरापासून जिनिंग फार लांब नाही आणि हंगामभर तंतू हवेत असतात. पंखा जोरात फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. ब्लोअरने तंतू उडत नाहीत, आणखी आत जातात. पंखा काढून चिमट्याने गोधडी सोलून काढा, मग ब्लोअर. पंखा काढलाच आहे तर थर्मल पेस्ट नवी लावा. आता पुढच्या जाळीवर आम्ही एसीच्या फिल्टरची जाळी कापून बसवलीय आणि काकू ती महिन्यातून एकदा धुतात. काकूंना इंजिनांचं काही पडलेलं नाही, पण जाळी त्या विसरत नाहीत.

मशीनही खाली आणलं, घराच्या जुन्या भागातल्या मधल्या खोलीत. दीड हात जाड मातीची भिंत, वर धाबं, म्हणजे मातीचंच सपाट छप्पर. बाहेर लाही फुटत असताना आत बसवतं. धाब्यातून माती झिरपते म्हणून वर प्लायचा एक उतरता पाट बसवला. मेच्या दुपारी तीन-चार तास एसी लागतोच, २६ वर.

यूपीएसचंही उन्हाशीच नातं. त्याच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या २५ अंशांच्या हिशेबाने बनवतात. तापमान १० अंश चढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आमचा यूपीएस १०० टक्के दाखवायचा आणि लाइट गेल्यावर दोन मिनिटांत मान टाकायचा. पडद्यावरच्या टक्क्यांवर जाऊ नका. सुटीच्या दिवशी सगळ्यांना सांगून प्लग काढा आणि घड्याळ लावा. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर टाकायचा मोह होईल. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला पालटायला जेवढा वेळ लागतो तेवढा मशीनमधला पॉवर सप्लाय बहुधा तग धरत नाही. त्याची ताकद १६-१७ मिलिसेकंदांची. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागे यूपीएस ठेवा, आणि यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून नट नावाचं सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन आपण होऊन शिस्तीत बंद होतं. बऱ्याच यूपीएसच्या पेटीत ती तार असते. आमची पिशवीतून बाहेर निघाली नव्हती.

काढलेला जुना प्रोसेसर अजून काकांच्या कपाटात आहे. कोणाला हवा असेल तर कळवा. गेल्या वर्षी फोटोंसाठी मोठ्या डिस्का घेतल्या, तेव्हा जुन्या ४ टीबीच्या दोन निघाल्या. सीआरसी शून्य, पेंडिंग शून्य. एक रोजच्या बॅकअपला खोलीतच लावली. दुसरी महिन्यातून एकदा भरून, टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून एसटीने धुळ्याला जाते, त्या "परत बंद पडनं का" वाल्या सभासदाकडे. फोन त्याचा अजून येतो. आता विचारतो, डबा कधी पाठवताय.